रीसेटपूर्वी फॉन्ट आणि हिशेबही वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे जुना संगणक रीसेट करून विकण्याची किंवा मुलांना देण्याची वेळ अनेकांवर आली आहे. अशा वेळी रीसेटमधला ‘कीप माय फाइल्स’ (माझ्या फायली ठेवा) हा पर्याय निवडला की सगळे वाचते, हा समज घातक आहे. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप राहते; नंतर टाकलेले प्रोग्रॅम, त्यांच्या सेटिंग्ज आणि विंडोजच्या फोल्डरात भरलेले फॉन्ट मात्र जातात.

छपाई व डीटीपी करणाऱ्यांना याचा मोठा फटका बसतो. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र कोड देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये केलेली स्मरणिका त्या फॉन्टशिवाय उघडली, तर ओळीच्या ओळी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांनी भरलेल्या दिसतात. फाइलमध्ये मराठी अक्षरांचे कोड नसतातच. इंग्रजी कोडवर मराठी वळण चढवण्याचे काम फॉन्ट करतो. म्हणून फॉन्टचे फोल्डर आधी कॉपी करा आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफही काढून ठेवा.

हिशेबाच्या टॅलीप्राइम सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. इंटरनेट चालू असतानाच त्याचे लायसन्स सरेंडर करा, म्हणजे जुन्या संगणकावरून सोडवून घ्या, नाहीतर नव्या संगणकावर ते चालू करताना अडते. बिलिंगच्या अनेक सॉफ्टवेअरचा डेटा एसक्यूएल सर्व्हर या डेटा साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बहुधा ‘प्रोग्रॅम फाइल्स’खाली असतो. सर्व्हर चालू असताना ती फाइल कॉपी होत नाही. तिथे सॉफ्टवेअरमधलाच बॅकअप वापरावा.

‘डी ड्राइव्हवर टाकलंय’ म्हणजे बॅकअप नव्हे. डी बहुतेकदा त्याच डिस्कचा तुकडा असतो आणि रीसेट करताना सर्व ड्राइव्ह निवडले गेले तर तोही पुसला जातो. बाहेरची हार्ड डिस्कच घ्या. पेनड्राइव्हचा फॉरमॅट (फायली साठवण्याची पद्धत) फॅट32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल जागा असूनही जात नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीतल्या ज्या फायलींवर ढगाचे चिन्ह आहे, त्या संगणकावर नसतातच; त्या आधी उतरवून घ्या. कॉपी झाल्यावर प्रॉपर्टीजमध्ये फायलींची संख्या आणि बाइट्स जुळवा, मग दुसऱ्या संगणकावर काही फायली प्रत्यक्ष उघडा.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असल्यास त्याची 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. रीसेट मध्येच अडकले, तर ती नसताना डिस्कवरचे काहीच वाचता येत नाही.

– एक वाचक, सांगली