यादी गेली, आता निबंध तरी वाचा

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दर्जेदार म्हणून मान्य केलेल्या संशोधनपत्रिकांची ‘केअर’ यादी बंद केली आणि पत्रिका पारखण्याचे काम विद्यापीठे-महाविद्यालयांवर सोपवले. तेव्हापासून आमच्या ग्रंथालयात पीएच.डी.चे विद्यार्थी एकच विचारतात, ‘‘सर, याला आयएसएसएन आहे. चालेल ना?’’ आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक. त्याचा दर्जाशी संबंध नाही.

यादीच्या काळातही सारे आलबेल नव्हते म्हणा. आयोगाला ‘केअर’च्या आधीच्या जुन्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ पत्रिका काढाव्या लागल्या. त्याच वर्षी संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या पत्रिका तपासल्या, तर त्यांतल्या ८८ टक्क्यांहून अधिक सुमार निघाल्या. शिफारस करणारी विद्यापीठेच होती, आणि पारख पुन्हा त्यांच्याकडेच आली आहे!

असल्या पत्रिकांची आमंत्रणे रोज मोबाइलवर येतात : निबंध आज पाठवा, तीन दिवसांत छापू, प्रमाणपत्र मिळेल, पैसे आधी भरा. अंक उघडावा तर संत साहित्य, ठिबक सिंचन आणि वस्तू व सेवा कर एकाच अनुक्रमणिकेत. तीन दिवसांत समीक्षण केले कोणी? संपादक मंडळातल्या दोन प्राध्यापकांना ईमेल करून पाहावा. आपले नाव तिथे असल्याचे त्यांना ठाऊक नसते, असेही आढळते. पत्रिका जुनी आणि नामांकित असेल तर संकेतस्थळ तिचेच आहे की नकली, हेही बघावे लागते.

या कटकटीला कंटाळून काही महाविद्यालये ‘फक्त स्कोपस’ (म्हणजे त्या नावाच्या परदेशी सूचीतल्याच पत्रिका) म्हणू लागली आहेत. हे तर मराठीच्या मुळावरच येणारे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक किंवा ‘मराठी संशोधन पत्रिका’ यांतल्या लेखाचे मोल परदेशी सूची पाहून ठरवायचे का? शिवकालावर लिहिणाऱ्याने समकालीन पत्रे पाहिली की शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेल्या बखरीवरच भिस्त ठेवली, हे सूचीतून कळत नाही. त्यासाठी तळटिपा वाचाव्या लागतात.

म्हणून विनंती एवढीच : निवड आणि पदोन्नतीच्या समित्यांनी उमेदवाराच्या निबंधांची संख्या मोजण्याऐवजी त्यातला एक निबंध आधी वाचावा आणि मुलाखतीत त्यातल्या संदर्भांवरच पंधरा मिनिटे प्रश्न विचारावेत.

— एक ग्रंथपाल, सातारा