पारा किती चढला यापेक्षा किती झपाट्याने चढतोय, ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरी विमान बांधणाऱ्यांच्या पॅनेलवर सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या सिलिंडरचे वरचे झाकण) तापमानाचा अनेकदा नुसता काटा असतो. काटा लाल रेषेला टेकला की धोका, हा हिशेब एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने थंड होणाऱ्या, इंजिनाला पुरत नाही. समजा, अलार्म २३० अंश सेल्सिअसला लावला आहे, हेड १९० वर आहे आणि प्री-इग्निशन (प्लगची ठिणगी पडण्याआधीच इंधन पेटणे) सुरू होऊन तापमान मिनिटाला ६० अंशांनी चढू लागले. अलार्म वाजेपर्यंत ४० सेकंद जातात, आणि प्री-इग्निशनमध्ये पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. चढण्याचा वेग मोजणारा अलार्म हीच गोष्ट १० सेकंदांच्या आसपास सांगतो. मे महिन्यात ४४ अंशांच्या उन्हात धुळ्याजवळच्या गोंदूरच्या धावपट्टीवरून उडताना तर इंजिन थंड करणारी हवाच तापलेली असते.

सामान फार नाही: प्रत्येक सिलिंडरला के-टाइप थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा, दोन टोकांच्या तापमानातला फरक सांगणारा सेन्सर), त्याला एकेक मॅक्स ३१८५५ मॉड्यूल (त्या फरकात स्वतःचे तापमान मिळवून आकडा देणारी चिप बसवलेली पाटी) आणि सगळ्यांना मिळून एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड). चिप ३.३ व्होल्टची आणि नॅनो ५ व्होल्टचा, म्हणून लेव्हल शिफ्टर (दोन्ही व्होल्टेजचा मेळ घालणारा भाग) असलेलेच मॉड्यूल घ्यावे.

खरी गोम हिशेबात आहे. ही चिप पाव अंशाच्या पायरीने मोजते. एका सेकंदाच्या अंतराने दोन आकडे घेऊन वजाबाकी केली, तर एकच पायरी हलली तरी मिनिटाला १५ अंशांचा वेग दिसतो आणि अलार्म उगाच कोकलत राहतो. त्यापेक्षा सेकंदाला चार आकडे घेऊन सरासरी काढावी, तीतून १० सेकंदांपूर्वीची सरासरी वजा करावी आणि फरकाला ६ ने गुणावे. मग एका पायरीची चूक मिनिटाला दीड अंशावर येते. सुरुवातीला मर्यादा मिनिटाला ३० अंश ठेवावी आणि ती लागोपाठ तीनदा ओलांडली तरच अलार्म द्यावा. इंजिन गरम होताना वेग जास्तच असतो, म्हणून १३० अंशांखाली अलार्म मुका ठेवावा. टेकऑफच्या वेळचा आपल्या इंजिनाचा नेहमीचा वेग टिपून मर्यादा त्याच्या वर सरकवावी. तापमान उतरण्याचा वेगही याच हिशेबात मिळतो. हेड मिनिटाला ५० फॅरनहाइटपेक्षा, म्हणजे सुमारे २८ सेल्सिअसपेक्षा, झपाट्याने थंड करू नये, असा विमानाची इंजिने बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचा सल्ला आहे.

सर्वांत जास्त घोळ वायरिंगमध्ये होतो. थर्मोकपलची वायर अपुरी पडली म्हणून साधी तांब्याची वायर जोडू नये. इंजिनाजवळचा सांधा ८० अंशांवर आणि चिपचा डबा ४० वर असेल, तर हेड ४० अंश थंड दिसते. सांधा तापत गेला की वेगही खोटा दिसतो. वाढवायची तर के-टाइप एक्स्टेन्शन वायरच हवी. पिवळ्या-लाल जोडीत लाल वायर निगेटिव्ह असते. सवयीने ती पॉझिटिव्हला लावली की हेड तापताना आकडा उतरतो. स्पार्क प्लगखाली बसणाऱ्या रिंग प्रोबचा (कडीच्या आकाराचा थर्मोकपल) सांधा हेडच्या धातूला टेकलेला असेल, तर ही चिप शॉर्टचा फॉल्ट दाखवते. सांधा इन्सुलेटेड असलेलाच प्रोब मागावा. ५ व्होल्टचा रेग्युलेटर तापतो आणि चिप स्वतःचे तापमान हिशेबात धरते, म्हणून तो चिपपासून लांब ठेवावा.

एका सेकंदात २० अंशांची उडी हेडचे जाड ॲल्युमिनियम मारत नाही, ती वायर सैल झाल्याची खूण. अशा वेळी ‘प्रोब फॉल्ट’ असे स्पष्ट दिसले पाहिजे. जुना आकडा तसाच दाखवत राहणे सर्वांत घातक. हेडसेट घातल्यावर बझर ऐकू येत नाही. म्हणून नजरेसमोर लाल एलईडी हवा आणि आवाज इंटरकॉममध्ये सोडावा.

तपासणी उकळत्या पाण्याने करता येते. धुळ्याच्या उंचीवर पाणी ९९ अंशांच्या जवळपास उकळते, आकडा त्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालेल. वेगाचा अलार्म हीट गनने (गरम हवा फेकणारे यंत्र) तपासावा. शेवटी इंजिन चालू ठेवून रेडिओवर बोलायचे बटण दाबावे. रेडिओच्या लहरींनी आकडा हलला, तर थर्मोकपलच्या वायरींना पीळ देऊन चिपच्या थर्मोकपल जोडायच्या दोन टोकांमध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा आणि पुन्हा बटण दाबून बघावे. आकडा स्थिर राहीपर्यंत या अलार्मच्या भरवशावर उड्डाण करू नये.

आपला,
इन्स्ट्रुमेंटेशन क्षेत्रातील एक वाचक, धुळे