पंधरा मिनिटांत पॅडिंग्टन, पण पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला लंडनवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. थेम्सकाठची संध्याकाळ, जुने पूल, संग्रहालयांतली शांतता, सगळे लेखकाने हौसेने लिहिले आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते लेखाच्या पोटात घातलेल्या ‘कसे जाल? कसे फिराल?’ या चौकटीबद्दल. लोक लेख वाचतात आणि विसरतात. चौकट मात्र कात्रीने कापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवतात. तेव्हा ती लिहिताना जरा चौकशी करावी, एवढी माफक अपेक्षा वाचकाने ठेवली तर चुकले काय?

चौकटीतला पहिला सल्ला असा : ‘विमानतळावरून सर्वांत वेगवान गाडी घ्यावी, पंधरा मिनिटांत शहरात.’ शहरात म्हणजे नेमके कुठे, ते लिहायचे राहून गेले आहे. हीथ्रो विमानतळावरून सुटणारी ही गाडी, हीथ्रो एक्स्प्रेस, पॅडिंग्टन स्थानकात सोडते आणि तिथेच संपते. तुमचे हॉटेल पॅडिंग्टनच्या आसपास असेल तर छानच. नसेल तर प्रवास तिथून सुरू होतो. आणि ती पंधरा मिनिटेसुद्धा टर्मिनल दोन-तीनच्या स्थानकापासूनची. पाचवरून निघालात तर एकवीस.

हे मी पुस्तकी सांगत नाही. आमची सहल ज्यांनी आखून दिली, त्या कंपनीनेही नेमका हाच सल्ला दिला होता. (नाव लिहीत नाही, लिहिले तरी तुम्ही छापणार नाही, पुरवणीच्या शेवटच्या पानावर त्यांची अर्धे पान जाहिरात असते.) ‘मॅडम, काही टेन्शनच नाही, पंधरा मिनिटांत तुम्ही लंडनमध्ये!’ असे म्हणून त्या तरुणाने आम्हा सगळ्यांची हीथ्रो एक्स्प्रेसची तिकिटे पॅकेजमध्ये घालून दिली. हॉटेलही त्यांनीच ठरवलेले, अर्ल्स कोर्टला. आता लंडनचा नकाशा एकदा जरी डोळ्यांखालून गेला असेल तर वाचकांच्या लक्षात आलेच असेल. हीथ्रोहून निघणारी पिकॅडिली लाइनची मेट्रो थेट अर्ल्स कोर्टला थांबते. मध्ये गाडी बदलणे नाही, काही नाही. विमानतळावर बसायचे, हॉटेलच्या कोपऱ्यावर उतरायचे. स्थानकात लिफ्ट आहे.

आम्ही काय केले? सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे, आणि प्रत्येकी एक मोठी बॅग. झुळझुळीत गाडीतून ऐटीत पॅडिंग्टनला आलो. तिथे मोठ्या स्थानकातून बाहेर पडून मेट्रोच्या डिस्ट्रिक्ट लाइनचा फलाट शोधला. तो सापडला तर खाली जायला जिने. यांनी एकेक बॅग खाली नेऊन ठेवायची, वर यायचे, पुन्हा दुसरी. सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या आणि मागचे लोक ‘सॉरी, सॉरी’ म्हणत बाजूने निघून जात होते. शेवटी गाडीत बसल्यावर सासूबाईंनी विचारले, ‘पंधरा मिनिटांत आलो ना आपण? मग अजून पोहोचलो कसे नाही?’ मी उत्तर दिले नाही. अर्ल्स कोर्टला उतरलो तेव्हा चिरंजीवांना समोरच विमानाचे चित्र असलेली पाटी दिसली. ‘आई, हीथ्रोची गाडी इथूनच जाते की!’ पंचवीस पौंडांचे तिकीट काढून केलेला द्राविडी प्राणायाम तो हाच.

आणि पैशांचा हिशेब. २०२५ च्या मार्चपासूनच्या दरांप्रमाणे हीथ्रोहून मध्य लंडनपर्यंत पिकॅडिली लाइनचे भाडे ५.८० पौंड होते. अर्ल्स कोर्ट झोन एक आणि दोनच्या (म्हणजे शहराच्या मध्यापासून बाहेर मोजलेल्या भाड्याच्या पट्ट्यांच्या) सीमेवर असल्याने तिथवरचे भाडे त्याहूनही कमी. एलिझाबेथ लाइन या तिसऱ्या गाडीचे तेव्हा १३.९० होते, पण ती पॅडिंग्टनला न संपता पुढे बाँड स्ट्रीट, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट असे सगळे मध्यवर्ती भाग गाठत जाते, आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून हीथ्रोहून गाडीही बदलावी लागत नाही. त्या भागात हॉटेल असेल तर ती निश्चितच बरी. तुमच्या चौकटीत एलिझाबेथ लाइनचा उल्लेखही नाही. २०२२ च्या मे महिन्यात सुरू झालेली लाइन आहे, काल-परवाची नव्हे. यावरून लेखकाची लंडनवारी कधीची असावी याचा अंदाज मी बांधला आहे. चुकीचा असल्यास कळवावे. शिवाय हीथ्रो एक्स्प्रेस आणि एलिझाबेथ लाइन या दोन्ही गाड्या टर्मिनल दोन-तीनला त्याच फलाटांवर येतात आणि आपले कार्ड दोन्हींत चालते, त्यामुळे घाईत चुकीच्या गाडीत चढणारे कमी नसतात. चौकटीत सांगायला हवे होते ते हे.

सारांश काय, तर आधी हॉटेल कुठल्या लाइनवर आहे ते पाहावे आणि मग गाडी ठरवावी. ‘सर्वांत वेगवान’ हा काही निकष झाला का? गॅटविक या लंडनच्या दुसऱ्या विमानतळालाही तेच. गॅटविक एक्स्प्रेस व्हिक्टोरियाला जाते. सदर्न कंपनीची गाडीही व्हिक्टोरियालाच जाते, काही मिनिटे जास्त घेते आणि स्वस्त पडते. आणि मुक्काम सेंट पँक्रास स्थानकाच्या बाजूला असेल तर थेम्सलिंकची गाडी थेट तिथे नेते. लेखात मात्र लंडनला विमानतळ एकच आहे. रात्री उशिरा उतरलात, सोबत वयस्कर माणसे आणि सामान असेल, तर आधी ठरवलेली टॅक्सी घ्या, मी नाही म्हणत नाही. आम्हीही परतताना तेच केले. पण एकटादुकटा तरुण असेल तर शुक्रवारी आणि शनिवारी पिकॅडिली लाइन रात्रभर चालते, आणि इतर रात्री एन-नऊ नावाची बस आहेच.

आता ‘पास काढावा आणि निश्चिंत व्हावे’ या दुसऱ्या सल्ल्याकडे येते. कोणता पास? आमच्या त्या कंपनीने आम्हाला घरपोच ‘पास’ दिले होते. निळे, देखणे. तिथे गेल्यावर कळले की ते व्हिजिटर ऑयस्टर कार्ड आहे, म्हणजे पैसे भरलेले कार्ड. पास वगैरे काही नाही. जेवढे फिराल तेवढे कापले जाणार. वर कार्डाचे म्हणून जे पैसे घेतले ते परत मिळत नाहीत. आम्ही उतरलो गुरुवारी, परतायचे होते पुढच्या आठवड्यात. अर्ल्स कोर्ट स्थानकात उभ्या असलेल्या कर्मचारी बाईंना विचारले, ‘यावर सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे खरा पास, भरून द्याल का?’ त्या म्हणाल्या, ‘या कार्डावर ते भरता येत नाही, साध्या ऑयस्टरवर येते.’ बाई फार चांगल्या होत्या, दोनदा समजावून सांगितले. म्हणजे घरून आणलेले कार्ड पाकिटात ठेवून वर दुसरे कार्ड विकत घ्यायचे.

यातली गोम वाचकांनी नीट समजून घ्यावी, कारण चौकटीत ती नाही. लंडनमध्ये कार्ड टॅप करत फिरलात तर दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते; २०२५ मध्ये झोन एक-दोनसाठी ती ८.९० पौंड होती. तेवढे झाले की त्या दिवशी त्या झोनमध्ये पुढचा प्रवास फुकट. कागदी दिवसभराचे तिकीट याच्या जवळपास दुप्पट पडते, तरी लोक रांगेत उभे राहून ते काढतात, बहुधा अशाच चौकटी वाचून. आठवड्याचीही मर्यादा आहे, २०२५ मध्ये ती ४४.७० पौंड होती, पण ती मोजतात सोमवार ते रविवार. तुम्ही सोमवारी उतरलात तर काहीच करायला नको, आपोआप मर्यादा लागू. आमच्यासारखे गुरुवारी उतरलात तर आठवडा मधोमध तुटतो आणि त्या मर्यादेचा फायदा मिळेलच असे नाही. सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड मात्र कोणत्याही दिवसापासून सुरू करता येते, किंमत तेवढीच. रोज भरपूर फिरणार असाल तर गुरुवारवाल्यांनी ते घ्यावे, सोमवारवाल्यांनी नुसते टॅप करावे. कोणत्या वारी पोहोचता यावर तिकीट ठरते, हे एका ओळीत सांगता आले असते. त्या जागेत तुम्ही बिग बेनचा फोटो छापला.

साधे बँकेचे कार्डही मेट्रोच्या फाटकावर चालते, हे चौकटीत आहे, त्याबद्दल आभार. पण एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, हे नाही. तेच कार्ड एकदा फोनमधून आणि एकदा प्लॅस्टिकचे असे टॅप केले तर यंत्र ती दोन वेगळी कार्डे धरते आणि मर्यादा लागत नाही, हेही नाही. आणि आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या कार्डांवर परदेशातला वापर आणि टॅप ही दोन्ही मुळात बंद असतात. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये ती चालू करावी लागतात. फाटकासमोर उभे राहून, मागे रांग लागलेली असताना, हे करण्याची वेळ कुणावर येऊ नये. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी स्थानकातले कर्मचारी ऑयस्टर कार्डावर निम्म्या भाड्याची सवलत चढवून देतात. अकराच्या आतल्यांना मोठ्यांबरोबर मेट्रोत तिकीटच नाही. कुटुंबाने जाणाऱ्यांना याहून उपयोगाची माहिती कोणती?

‘बससाठी सुटे पौंड जवळ ठेवावेत’ हे वाक्य वाचून मात्र मी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि चहा करून आले. लंडनच्या बसमध्ये रोख पैसे घेणे २०१४ च्या जुलैत बंद झाले. सुटे पौंड जवळ ठेवून वाचकांनी काय करायचे? कार्ड टॅप करायचे, २०२५ मध्ये १.७५ पौंड जात, आणि तासाभरात दुसऱ्या बसमध्ये चढलात तर त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. बसमध्ये फक्त चढताना टॅप करायचे, मेट्रोत आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे. बाहेर पडताना विसरलात तर जास्तीत जास्त भाडे कापले जाते.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत मेट्रोचा नकाशा छापला आहे आणि खाली लिहिले आहे, ‘पर्यटकांनी निळ्या रेषेने जावे.’ आमच्या आवृत्तीत ते पान कृष्णधवल येते! सगळ्या रेषा राखाडी. तो नकाशा रंगीत असतो तो लोकांना रेषा वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून. बरे, रंगीत असता तरी निळ्या रेषा निदान दोन आहेत, गडद निळी पिकॅडिली आणि फिकी निळी व्हिक्टोरिया. व्हिक्टोरिया लाइन हीथ्रोला जात नाही. रंगीत पाने सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींना आणि नकाशे काळ्या शाईत, असा आपला क्रम असेल तर निदान खालची ओळ तरी बदलावी. याबद्दल मी पूर्वीही लिहिले होते, तेव्हा विषय पावसाच्या नकाशाचा होता. उत्तर आले नाही.

पुढच्या रविवारी पॅरिसवर लेख येणार, अशी सूचना खाली वाचली. लेखकाला एवढेच कळवावे की २०२५ च्या जानेवारीपासून तिथली तिकिटे पार बदलली आहेत. मेट्रो आणि उपनगरी गाड्यांना पूर्ण प्रदेशभर एकच २.५० युरोचे तिकीट झाले, विमानतळासाठी मात्र वेगळे १३ युरोचे, आणि आठवड्याचा पास तिथेही सोमवार ते रविवारच चालतो. दर त्यानंतर वाढलेही असतील, तेव्हा छापण्याच्या आदल्या दिवशी पाहून घ्यावेत. दहा तिकिटांची सवलतीची जुडी घ्या, असे कृपा करून लिहू नये.

कळावे,
आपली जुनी वाचक
(आणि वर्गणीदार, या महिनाअखेरपर्यंत तरी)