नोंदणी झाली, हस्तांतरण बाकी
भाडेपट्ट्यावरील सदनिकांच्या खरेदी-विक्रीविषयीचा आपल्या दैनिकातील लेख वाचला. मुद्रांक शुल्काचा तपशील उपयुक्त आहे; पण नवी मुंबईत खरी अडचण त्यापुढे सुरू होते. येथील बहुतेक जमीन सिडको या सरकारी महामंडळाची, मूळ पट्टा ६० वर्षांचा. ही मुदत पट्ट्याच्या करारापासून मोजतात, आपण घर घेतले त्या दिवसापासून नव्हे. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवला, तरी सिडकोच्या दप्तरी नाव लागण्यासाठी तिची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क सहसा लागते. ते कोणी भरायचे, याचा साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) अनेकदा उल्लेखच नसतो आणि ऐन ताब्याच्या वेळी वाद होतो. (दलाल ‘नंतर बघू’ म्हणून मोकळा!) विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्यापूर्वीच हे कलम लिहून घ्यावे आणि मूळ भाडेपट्टा मागून वाचावा.
– एक सदनिकाधारक, नेरुळ