फॉर्मवर नसलेला पदवीचा रकाना

पुणे,
14 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबा यांस साष्टांग नमस्कार.

परवा रात्री फोनवर बाबांनी विचारले, "कॉलेज सोडून या शेअरच्या धंद्यात माणूस खरंच मोठा होतो का? तू त्यातलीच आहेस, तूच सांग." तेव्हा मी उत्तर टाळले, कारण आपला धाकटा ज्ञानू पलीकडच्या खोलीत होता आणि आईचा आवाज भरून आल्याचे मला इकडे कळत होते. दोन दिवस विचार केला आणि ठरवले की हे फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यासारखे नाही. पत्र लांबेल, पण दोघांनी मिळून वाचावे. आईचा चष्मा बदलायचा राहिला आहे, तेव्हा बाबांनी मोठ्याने वाचावे.

ज्ञानूचे म्हणणे मला जसे समजले ते असे: बी.कॉम.चे शेवटचे वर्ष सोडायचे, औशाहून लातूरला रोजची ये-जा बंद करायची, बाबांनी 2 लाखांची ठेव मोडून द्यायची आणि त्याने घरी बसून ऑप्शनचे (ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने खरेदी-विक्री करण्याच्या हक्काचे) सौदे करायचे. बाजार पदवी विचारत नाही, मग तीत एक वर्ष कशाला घालवायचे, हा त्याचा प्रश्न आहे. या प्रश्नाला तो लहान आहे म्हणून उडवून लावू नका. त्यातला अर्धा भाग खरा आहे.

मी ज्या ब्रोकरकडे काम करते तिथे नवीन खात्याचे फॉर्म रोज येतात. त्यात पॅन, आधार, बँकेचा तपशील, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न हे सगळे असते. शिक्षणाचा रकाना नसतो. मात्र फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव आजच ठरवणारे करार) आणि ऑप्शन्सचा विभाग चालू करायचा असेल, तर उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. पगाराची पावती, आयकराचे विवरणपत्र, सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट किंवा डिमॅट खात्यातले शेअर, यांपैकी काहीतरी जोडावे लागते. म्हणजे बाजार "काय शिकलात" हे विचारत नाही, पण "पैसा कुठून येतो" हे नक्की विचारतो. ज्ञानूने या दोन प्रश्नांपैकी पहिलाच वाचला आहे.

शिकलेला माणूस इथे हमखास जिंकतो, असे मी सांगणार नाही. आमच्या रिस्क विभागात ज्या खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, कमी पडते त्याला आधी मेसेज जातो, मग फोन, आणि तरीही पैसे आले नाहीत तर आम्ही सौदा कापतो, म्हणजे आहे त्या भावाला बंद करतो. मागच्या वर्षी एका सर्जनला मी फोन केला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी ज्यांचा हात थरथरत नसेल असे ते गृहस्थ मला म्हणाले, "ताई, फक्त दहा मिनिटं थांबा, भाव परत येईल." भाव परत आला नाही. अमेरिकेत लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट नावाचा एक फंड होता. त्याच्या भागीदारांत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स होते, ज्यांना ऑप्शनची किंमत ठरवण्याच्या गणितासाठी 1997 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढच्याच वर्षी त्या फंडाने काही महिन्यांत 4 अब्ज डॉलरहून जास्त गमावले. यापेक्षा मोठी पदवी कोणती आणायची?

उलट बाजूने ज्ञानू तुम्हाला डी-मार्टवाल्या राधाकिशन दमाणींचे नाव सांगेल. त्यांनी बी.कॉम. अर्धवट सोडले हे खरे आहे. पण वडील गेल्यावर ते बाजारात उतरले तेव्हा घराण्यात दलालीचा व्यवसाय होता, आणि बाजार त्यांनी आतून पाहिला, हेही त्याच गोष्टीत येते. शेअर बाजारातले मोठे गुंतवणूकदार राकेश झुनझुनवाला यांनी मात्र आधी सी.ए. पूर्ण केले आणि मग 1985 साली 5 हजार रुपये घेऊन सुरुवात केली. अशी नावे दोन्ही बाजूंनी कितीही काढता येतील आणि त्यातून आपल्या घरचा निर्णय होणार नाही. म्हणून मी आपल्याच घरातले उदाहरण घेते.

बाबा, 2021 चे सोयाबीन आठवा. आदल्या दिवाळीतली रास, 30 क्विंटल, मधल्या खोलीत कट्टे छतापर्यंत लावलेले आणि आई रोज म्हणायची की उंदरांनी निम्मे नेले. जूनमध्ये भाव 7 हजारांजवळ होता तेव्हा तुम्ही 20 क्विंटल लातूरला आडतीवर घातले आणि 10 ठेवले. ऑगस्टमध्ये भाव 10 हजारांच्या वर गेला. पारावर जो तो म्हणत होता की आता 12 हजार बघायला मिळणार. तुम्ही दुसऱ्याच दिवशी टेम्पो बोलावलात. गल्लीतले गुरुजी, जे एम.ए. बी.एड. आहेत, तुम्हाला अडवून हसले होते. त्याच महिन्यात सरकारने 12 लाख टन सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, नवा मालही यायला लागला आणि दसऱ्यापर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. गुरुजींचे कट्टे तेव्हाही घरातच होते. तुमचे शिक्षण दहावी. ठरवलेला भाव मिळाला की माल काढायचा आणि पुढे काय झाले असते याचा हिशेब करत बसायचे नाही, ही गोष्ट कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मला शिकवली गेली नाही. ट्रेडिंगमध्ये यश म्हणतात त्याचा गाभा हाच आहे, आणि तो पदवीने येत नाही.

पण बाबा, त्या गोष्टीची दुसरी बाजू आपण कधी बोललो नाही. ते सोयाबीन जून-ऑगस्टपर्यंत घरात राहिलेच कसे? आदल्या सगळ्या वर्षी काय होत होते? ऑक्टोबरमध्ये मळणी झाली की कृषी सेवा केंद्राच्या उधारीसाठी ओला मालसुद्धा जो भाव मिळेल त्या भावाने जात होता, ओलाव्याची कपात वेगळी. 2020 च्या दिवाळीत मी पगारातून ती उधारी भरली, म्हणून त्या वर्षी तुम्हाला थांबता आले. तो पगार मला एम.कॉम.वर मिळालेल्या नोकरीचा होता. भाव ओळखण्याची समज तुमची होती, पण त्या समजेला वेळ मिळवून दिला तो माझ्या पगाराने. ज्ञानूच्या बाबतीत मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे, आणि बाकीचे सगळे त्याच्या आधारासाठी लिहीत आहे.

आता एक गोष्ट, जी मी तीन वर्षे तुमच्यापासून लपवली. 2022 साली, या नोकरीत येण्याआधी, मी स्वतः ऑप्शन घेत होते. दिवाळीला "फ्लॅटचे डिपॉझिट भरले, म्हणून या वेळी पैसे पाठवता येत नाहीत" असे मी सांगितले होते, ते खरे नव्हते. सात महिन्यांत माझे 1 लाख 40 हजार गेले. त्यातला एक गुरुवार मला अजून मिनिटामिनिटाने आठवतो. त्या वेळी निफ्टीची (50 मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाची) साप्ताहिक एक्स्पायरी, म्हणजे ऑप्शनची मुदत संपण्याचा दिवस, गुरुवारी असे आणि एक लॉट 50 नगांचा होता. मी 62 रुपयांना 10 लॉट कॉल (निफ्टी चढला तर फायदा देणारे ऑप्शन) घेतले, म्हणजे 31 हजार. दुपारी भाव 24 वर आला तेव्हा आणखी 10 लॉट घेऊन "अ‍ॅव्हरेज" केले, म्हणजे सरासरी खरेदीभाव खाली आणला; त्यात आणखी 12 हजार. साडेतीनला त्याची किंमत शून्य होती. ऑफिसच्या जिन्यात मी फोन हातात धरून बसले होते आणि हिशेब करत होते की आपल्या शेतात 43 हजार यायला किती पोती लागतात. मला कॉस्टिंगमध्ये पैकीच्या पैकी गुण होते, स्टॉप लॉस (ठरवलेला तोटा झाला की सौद्यातून बाहेर पडायची आधीच दिलेली सूचना) म्हणजे काय हे मी दुसऱ्यांना समजावून सांगत होते. तरी त्या दिवशी तो लावला नव्हता. पदवीने मला वाचवले नाही. पण पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला पगार जमा झाला, भाडे भरले गेले, आणि मी तो नाद सोडू शकले. पगार नसता तर मी ते पैसे परत मिळवायलाच पुन्हा बाजारात गेले असते, कारण जायला दुसरी जागाच नसती. आई, मी खोटे बोलले याची मला लाज वाटते. मला क्षमा करावी.

माझ्यासारखे किती आहेत हे सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मोजले आहे. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 1 कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडर्सपैकी 93 टक्के तोट्यात राहिले, सरासरी तोटा खर्चासह सुमारे 2 लाख रुपये. खर्च वजा जाता 1 लाखाच्या वर नफा फक्त 1 टक्क्याला झाला. 2024-25 मध्येही 91 टक्के तोट्यात होते. हे 2 लाख वाचताना मला बाबांची ठेव आठवली, कारण तीही तेवढीच आहे. आणि सप्टेंबरच्या अतिवृष्टीत यंदाचे सोयाबीन पाण्यात गेल्यावर घरात आता तेवढीच उरली आहे.

समोर कोण बसले आहे हेही ज्ञानूला कळायला हवे. 2023-24 मध्ये स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या संस्थांचा आणि परदेशी गुंतवणूकदारांचा या विभागातला नफा जवळजवळ सगळा, म्हणजे 96-97 टक्के, संगणकाच्या अल्गोरिदमने (आखून दिलेल्या नियमांनी आपोआप) केलेल्या सौद्यांतून आला. त्या संस्था गणिताचे आणि संगणकाचे पदवीधर निवडून घेतात. तिथे नोकरीला अर्ज करायचा तर पदवीशिवाय दारातही उभे करत नाहीत. पैसे घेऊन दुसऱ्याला शेअरचा सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते आणि त्यासाठीही पदवी व एन.आय.एस.एम. या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा लागते. लातूरच्या ज्या क्लासने ज्ञानूकडे 45 हजार मागितले आणि "पदवीची गरज नाही" हे त्याच्या डोक्यात भरवले, त्यांचा नोंदणी क्रमांक त्याने मागावा. मी मागितला तेव्हा त्यांनी फोन ठेवला. जो क्लास चालू बाजारात "आज हे घ्या" असे सांगतो, तो शिकवत नसून सल्ला विकत असतो, आणि सेबीने जानेवारी 2025 मध्ये शिकवणाऱ्यांना तीन महिन्यांच्या आतले भाव वापरायला याचसाठी बंदी केली.

तुम्ही विचारले म्हणून माझे मत स्पष्ट लिहिते. ट्रेडिंग जमण्यासाठी पदवी लागत नाही. पण ज्याला या महिन्याचा किराणा त्याच सौद्यातून आणायचा आहे, त्याला ते सहसा जमत नाही, कारण उधारी डोक्यावर असलेला शेतकरी जसा ओला माल घालतो तसाच तो चुकीच्या वेळी विकतो आणि चुकीच्या वेळी धरून बसतो. आपल्यासारख्या घरात, जिथे दलालीची पेढी नाही आणि दुसरे उत्पन्न पावसावर आहे, तिथे पोटासाठी वेगळा पैसा मिळण्याचा रस्ता ज्ञानूपुरता पदवीतूनच जातो. त्याची हुशारी मी नाकारत नाही. हळदीच्या भावाबद्दल त्याने उन्हाळ्यात जे सांगितले होते ते बरोबर निघाले, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला.

म्हणून बाबा, ठेव मोडू नका, आणि त्याला रागावूही नका. उन्हाळ्यात परीक्षा होईपर्यंत त्याने रोज एक सौदा वहीत लिहावा: का घेतला, कुठे चुकले तर बाहेर पडणार, किती गमावायला तयार आहे, आणि दिवस संपल्यावर खरे काय झाले. पैसा एकही लावायचा नाही. सोबत एन.आय.एस.एम.च्या इक्विटी डेरिव्हेटिव्हजच्या (शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या) परीक्षेचा अभ्यास करावा; तिचे शुल्क मी भरते. पदवी आणि वही दोन्ही हातात आल्यावर त्याला सौद्यांसाठी 20 हजार मी माझ्या पगारातून देईन, आणि ते गेले तरी घरात कोणी एक शब्द बोलणार नाही, हे आपण तिघांनी आधी ठरवून ठेवू.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पोचते. आई, स्टँडवर कोणाला पाठवू नकोस, मी रिक्षाने येईन. माझ्या 2022 च्या कॉन्ट्रॅक्ट नोटांचे (ब्रोकरने दिलेल्या सौद्यांच्या पावत्यांचे) प्रिंट काढून फाईल केली आहे, त्या गुरुवारचीही आहे. ती ज्ञानूसमोर मीच उघडणार आहे. तेव्हा बाबांनी शेजारी बसावे, आणि त्या वर्षीच्या आडतीच्या पट्ट्या तुमच्या ट्रंकेत असतील तर काढून ठेवाव्यात. त्यालाही त्या दाखवायच्या आहेत.

तुमची लेक,
सुनंदा