वर्कबेंच झाला, व्हाईसची भोकं तेवढी राहिलीत

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर आई विचारते जेवलीस काय आणि बाबा मागून ओरडतात प्लेट किती जाडीची, मग दोघांनाही धड उत्तर मिळत नाही, म्हणून लिहूनच पाठवते. जेवले. प्लेट 10 एमएमची.

बेंच गोठ्यात केला, पडवीत नाही, कारण पडवीत केला असता तर आईने लगेच गणेश चवथीच्या पंगतीचा विषय काढला असता. प्लेट म्हापशाहून 1800 बाय 750 ची कापून आणली, ती एकटीच 106 किलो भरते, टेम्पोतून उतरवायला शेजारच्यांना हाका मारल्या. खाली 50 बाय 50 चा चौकोनी पाईप, 3 एमएम जाडीचा, त्याचे साठ-पासष्ट किलो वेगळे. खर्च विचारू नकोस आई, लोखंड किलोवर मिळतं एवढंच सांगते. आणि बाबा, 6 ची प्लेट चालली असती म्हणाल, चालली असती हो, पण मला त्यावर घण मारायचाय, पातळ प्लेट नुसती ढोलासारखी वाजते.

आता बाबा, पुढचं मनातल्या मनात वाचा, आईला मोठ्याने वाचून दाखवू नका. तुम्ही शंभरदा सांगितलंय की आधी सगळीकडे नुसते टॅक, वेल्डचे छोटे ठिपके, मार, मग कर्ण मोज आणि मग समोरासमोरचे कोपरे थोडे थोडे भरत जा. मी काय केलं, पहिला कोपरा इतका छान आला की हात थांबेचना, तो पुरा भरला, लगेच शेजारचा पण भरला. थंड होताना वेल्ड आकसतो आणि पाईपला आपल्याकडे ओढतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. चौकट 1700 बाय 650 ची, दोन्ही कर्ण 1820 यायला हवेत, टेप लावला तर एक 1813 आणि दुसरा 1827. चौकट कसली, शंकरपाळं झालं! दोन कोपरे ग्राइंडरने कापले आणि पुढच्या रविवारी परत पहिल्यापासून सुरुवात, या खेपेला दर टॅकनंतर टेप लावत. प्लेट मात्र शहाण्यासारखी बसवली, खालून एकेक इंचाचे टाके, मध्ये वीतभर जागा सोडून. सलग भरली असती तर पापडासारखी वर आली असती.

वेल्डिंगच्या रॉडचा पण त्रास झालाच. पावसात पाकीट उघडं राहिलं की रॉड ओल धरतात, मग तडतड उडतात आणि वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. 2012 ला गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा वर्कशॉपातून तुम्ही जी लाकडी पेटी घरी आणलीत ना, आत बल्ब लावून रॉड सुके ठेवायची, ती माळ्यावरून काढली. पण बल्ब कुठे मिळतोय? सगळीकडे एलईडी, तो पुरेसा गरमच होत नाही. शेवटी देवघरातला जुना साठचा काढून लावला, आई रागावू नकोस, देवाला एलईडी लावलाय.

डोळ्यांचं म्हणशील तर हेल्मेट आहे, चामड्याचे हातमोजे आहेत, बाबांसारखं डोळे मिटून टॅक मारत नाही मी.

पायांची तोंडं पट्टी मारून बंद केली, नाहीतर चार दिवसांत कुंभारीण माशी आत माती भरते आणि ओल धरून पाईप आतून सडतो. गोठ्याची जमीन तर तुम्हाला माहीतच आहे, म्हणून चारही पायांना खालून जाड बोल्ट दिलेत, फिरवून लेव्हल करता येते. फ्रेमला रेड ऑक्साइड दोन हात. वरच्या प्लेटला रंग नाही, वेल्डिंगची अर्थ क्लिप लावायला लोखंड उघडं हवं, पण मग या दमट हवेत रोज संध्याकाळी तेलाचा बोळा फिरवावा लागतो. दोन दिवस विसरले तर तिसऱ्या दिवशी अख्खी प्लेट तांबूस.

आणि उंची. तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत आणि मी तीनदा विषय बदलला. व्हाईसचा (आई, तो काम घट्ट धरायचा शिकंजा) जबडा कोपराच्या उंचीला यायला हवा हे तुमच्याकडूनच शिकले, तर मी माझ्या कोपराचं माप घेतलं, तुमच्या नाही. आता मी तुमच्यापेक्षा चार बोटं उंच आहे त्याला मी काय करू, रोज मीच काम करणार ना त्यावर. तुमच्यासाठी पाट ठेवलाय, तोच, ज्यावर उभी राहून मी तुमच्या बाकड्यावर खिळे ठोकायचे. जरा डुगडुगत होता, खालून पट्टी मारलीय.

व्हाईस मात्र अजून बसवला नाही. तो कोपऱ्यात बरोबर पायाच्या वर यायला हवा, म्हणजे ठोकल्यावर मार सरळ जमिनीत जाईल, आणि मागचा जबडा प्लेटच्या कडेबाहेर थोडा यायला हवा, म्हणजे लांब पाईप उभा धरता येईल, एवढं मला कळतं. पण डावा कोपरा की उजवा? तुम्ही डावखुरे, मी उजवी. खडूने दोन्हीकडे खुणा केल्यात, भोकं पाडलेली नाहीत. हे फोनवर ठरवायला नको, मध्ये आई बोलते आणि कोण काय म्हणालं तेच कळत नाही. दादाला सांगा, चवथीच्या आधी आठवडाभर आणून सोड. आई, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान या खेपेला बेंचवर मांडू, 106 किलोची प्लेट नारळांना घाबरत नाही.

येताना बाबांचा जुना कानस आणा, पुण्याच्या घरात काही उपयोग नाही त्याचा.

तुमची,
बाय