शिरस्तेदार काका, आईच्या आणि आम्हा भावंडांच्या वतीने

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

नाव घालू नको म्हणालात, म्हणून घालत नाही. शिवाजी पेठेत आमच्या गल्लीत ‘शिरस्तेदार काका’ (शिरस्तेदार म्हणजे कोर्टातले वरिष्ठ कारकून) म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. बाबा गेल्यावर आमच्यावर जी पाळी आली, ती कोल्हापुरात अनेक घरांवर येते आणि प्रत्येक गल्लीत तुमच्यासारखं माणूस नसतं.

बाबांच्या माघारी राहतं घर, करवीर तालुक्यातली जमीन आणि बँकेतल्या ठेवी, सगळं एकाच वकिलांकडं सोपवलं होतं. त्यांनी सगळ्याची मिळून किंमत काढली आणि ठेवी हातात आल्या की त्यातून अमुक टक्के द्या म्हणाले. वर खर्चापोटी रोख घेतलं, पावती कधीच नाही. पुढं दर तारखेला नवं कारण. आज साहेब रजेवर, आज बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) संपला नाही, आज नोटीस आली नाही. आई कसबा बावड्याच्या कोर्टात बाकावर दिवसभर बसायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायची. रात्री तिला झोप लागत नव्हती.

तुम्ही सोप्यात चटईवर बसलात, कागदांची पिशवी उपडी केलीत आणि चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद डोळ्यांजवळ धरून वाचलात. मग तीन थप्प्या लावल्यात. पंख्यानं उडू नये म्हणून एकीवर आईचा पानाचा डबा ठेवलात. ‘ही जमिनीची. हिला कोर्ट कशाला? मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज द्या, नाहीतर ई-हक्कवर भरा. फेरफाराची 15 दिवसांची नोटीस निघेल, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतील. ही घराची, नगर भूमापन कार्यालयात न्या. आणि ही एवढीच कोर्टाची.’

त्या तिसऱ्या थप्पीत फक्त ठेवी होत्या. नॉमिनी म्हणून कुणाचंच नाव लावलेलं नव्हतं आणि रक्कम मोठी, म्हणून बँकेनं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं होतं. ते 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळतं आणि त्यात घर-जमीन येतच नाही, हे आम्हाला तुमच्याकडून कळलं. म्हणजे ज्या घराचा अर्जाशी काही संबंध नव्हता, त्याच्या किमतीवरही आमच्याकडून टक्के मागितले जात होते. आई किती वेळ काही बोललीच नाही.

कागदावरचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतःचा क्रमांक, तुम्ही माझ्या मोबाईलवर ई-कोर्टच्या ॲपमध्ये घालायला लावलात, रोजनाम्याची, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कल काढायला सांगितलीत आणि ती ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलीत. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्यायचा हुकूम कधीचाच झालेला होता. ती छापायला दिलीच नव्हती. साहेबांची रजा नाही आणि कोर्टाची गर्दीही नाही, सगळं त्या एका नोटिशीपाशी अडलं होतं.

धाकटा भाऊ तावातावानं त्यांच्या ऑफिसात निघाला होता, त्याला तुम्ही हाताला धरून बसवलंत. आपण भांडायचं नाही, हिशेब मागायचा, तोही लेखी, असं म्हणालात. दाव्यातून मिळणाऱ्या रकमेत हिस्सा ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, आणि फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे, हे तुम्ही पत्रात घालायला सांगितलंत. त्या पत्रानंतर फाईल मिळाली, दुसरा वकील नेमायला वकालतनाम्यावर ना हरकतही मिळाली.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे तुम्ही आईला विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात स्वतः घेऊन गेलात. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या, म्हणजे 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. एवढी मोठी सोय असून आमच्या ओळखीत एकाही बाईला माहीत नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. तिथून मिळालेल्या वकीलताईंनी पहिल्यांदा जाहीर नोटीस छापून घेतली. मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, आम्हा भावंडांची संमती होतीच. प्रमाणपत्र आईच्या हातात पडलं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचसाठी कोल्हापूर किती वर्षं झगडलं, आणि 18 ऑगस्ट 2025 ला ते सुरू झालं तेव्हा आम्हीही साखर वाटली. पण आमच्या आईसारख्या बाईला बावड्याच्या कोर्टातला रोजनामासुद्धा कुणीतरी वाचून दाखवावा लागतो. तुम्ही ते एक पैसा न घेता केलंत. चहाशिवाय काही घेतलं नाहीत.

ठेवींचे पैसे आईच्या खात्यात जमा झाले आहेत, सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली आहेत, घराच्या प्रॉपर्टी कार्डाची नोंद तेवढी व्हायची आहे.

एक विचारायचं आहे. पलीकडच्या बोळातल्या मावशींचे यजमान गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांचीही कागदांची पिशवी तशीच बांधून ठेवलेली आहे. रविवारी सकाळी त्यांना तुमच्याकडं घेऊन आले तर चालेल का, एवढं कळवा.

आपली नम्र,
शिवाजी पेठ, कोल्हापूर